नात्याचा रकाना

मंगळवारी सकाळी रखमाजीनं पाणी तापवलं, चांगदेवला कुशीवर वळवलं आणि त्याच्या कमरेवरची, पडून पडून झालेली जखम कडुनिंबाच्या पाण्यानं धुतली. जखम आता तळहाताएवढी झाली होती. लकवा मारल्याला पाच महिने झाले होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पलटणीत बावीस वर्षं कवायत शिकवलेल्या ह्या उस्तादाच्या तोंडात कवायतीच्या हुकमातला एकच शब्द उरला होता. दुखलं, पेज जास्त झाली, की तो म्हणे, "थम!"

रखमाजी त्याच पलटणीतला स्वयंपाकी. अठ्ठ्याहत्तर साली दोघं एकाच गाडीनं पेन्शनीवर आले आणि निमगाव सावाच्या पलीकडच्या ह्या वाडीत एका छपराखाली राहिले. लग्न दोघांनीही केलं नाही. वाडीला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून वाडीनं आपली पोरं चांगदेवकडे कवायतीला धाडली, त्यातली नऊ फौजेत भरती झाली. ठाऊक असून लग्नाकार्यात रखमाजीला आचारी म्हणून बोलावलं, त्याच्या हातची बुंदी दोन-दोनदा वाढून घेतली. पण ह्या दोघांच्या उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही, की त्यांच्याकडचा घोटभर चहा घेतला नाही. किळस यावी ती असल्या सोवळ्याची यावी.

दोन हजार चार साली सरकारी पैशातून म्हाताऱ्या माजी सैनिकांसाठी फिरती जीप सुरू झाली. नर्स घरी यायची, मलमपट्टी करायची, लकव्याचा व्यायाम शिकवायची. वाडीतल्या सहा घरी जीप थांबे आणि सातव्या घरावरून धुरळा उडवत पुढे जाई. घरांची यादी वाडीच्या माजी सैनिक संघाचा अध्यक्ष हौशीराम करायचा. रखमाजी त्याच्या दारात चारदा हात जोडून आला होता.

त्या मंगळवारी मात्र जीप थांबली. हौशीराम नाकाला रुमाल लावून अंगणातच उभा राहिला. नर्स आरती आत आली. जखम पाहून तिचा चेहरा उतरला.

"बाबा, किती दिवसांची आहे ही?"

"दोन म्हयनं झालं, ताई."

"आधी का नाही कळवलंत?"

रखमाजीनं नुसतं अंगणाकडे पाहिलं. हौशीराम खाकरला.

"रखमाजी, तुज्यासाठी लई खटपट केली बरं का मी. फॉर्मात सांभाळणाऱ्याचं नातं लिवावं लागतं. तुमचं काय लिवणार? म्हून मी 'गडी' लिवलंय. तू चांगदेवचा गडी. सही कर, दर मंगळवारी जीप येईल. वाडीचीबी अब्रू ऱ्हाईल."

सव्वीस वर्षं ज्याच्याबरोबर एका ताटात खाल्लं, त्याच्या घरात आपण गडी! पण जखमेचा वास घरभर भरला होता. गडी तर गडी, हा जगला म्हणजे झालं. त्यानं पेन हातात घेतलं.

"थम!"

खाटेवरून आवाज आला. रखमाजीचा हात थांबला. चांगदेवनं डावा हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या डोळ्यांत हुकूम होता.

रखमाजीनं पेन खाली ठेवलं. "ताई, त्यो शब्द खोडा."

"मग काय लिहू?"

"घरचा. आमी एकमेकाच्या घरचे हाय. गडी न्हाई."

आरतीनं तसं लिहिलं. हौशीरामनं कागद हिसकावून घेतला. "असल्या घाणीवर माजी सही मिळायची न्हाई! कायद्यानं गुन्हा हाय ह्यो. पोलिसात दीन दोघांस्नी!"

आरतीनं पट्टी बांधली, मलम ठेवलं आणि तक्रार करते म्हणाली. तिनं केलीही. वरून उत्तर आलं, संघाची शिफारस जोडावी. जीप पुन्हा आली नाही, आणि अकराव्या आठवड्यात चांगदेव त्या जखमेनंच गेला.

मग संघ आला. इस्त्रीचे कपडे, छातीवर बिल्ले, झेंडूचं मोठं पुष्पचक्र, जुन्नरहून फोटोग्राफर. हौशीरामच्या हातात भाषणाचा कागद होता. मागे चांगदेवनं घडवलेल्या नऊ पोरांपैकी सुट्टीवर आलेली चार. जिवंतपणी पट्टी नाकारली आणि मढ्याला हार घेऊन आले, लाज म्हणून नाही!

"रखमाजी, बाजूला हो," हौशीराम म्हणाला. "आता मान संघाचा."

रखमाजी उंबऱ्यात उभा राहिला. आयुष्यभर पातेल्यांमागून हळू बोलणारा हा माणूस छाती काढून ओरडला, "थम!"

चारही जवानांचे पाय जागच्या जागी थांबले. त्या शब्दावर थांबायला त्यांना ह्याच अंगणात शिकवलं होतं. त्यांच्या पुढे चाललेला हौशीरामही गोंधळून थांबला.

"ह्यो माजा व्हता आन् मी ह्याचा," रखमाजी म्हणाला. "ज्याला हे पटतंय त्यानं आत यावं. बाकीच्यांनी हार घरी न्यावा."

कुणी हललं नाही. मग त्या चौघांतल्या गोरख नावाच्या हवालदारानं हातातलं पुष्पचक्र जमिनीवर ठेवलं, खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि उंबरा ओलांडून आत गेला.

"काका," तो म्हणाला, "उस्तादांच्या आंघोळीचं पाणी कुठं तापवू?"

बाकीचे हार धरून उन्हात उभे होते. त्यांच्यात आपणही उभे आहोत का, हे ज्याचं त्यानं पाहावं.