बोटांना कळणारा पाक

"तात्या, काढायची का काहील?" चुलवाणाच्या जाळापलीकडून पृथ्वीराजनं विचारलं.

जोतीरामनं काहिलीच्या मोठ्या कढईतला उकळता पाक पळीनं थंड पाण्याच्या परातीत सोडला आणि बोटं घालून चिमटीत धरला. गुळव्याची सगळी परीक्षा तेवढीच. गोळी नीट वळली की काहील उतरवायची. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. हा निवाडा जन्मभर त्याच्या बोटांनी केला होता.

आज बोटांत काहीच नव्हतं. चिमटीत गोळी आहे की नुसतं पाणी, तेही कळेना.

"काढा," तो म्हणाला.

दुपारी ढेप उपडी केली, तर गुळाचा लगदा फडक्यावर पसरला. पृथ्वीराज गुऱ्हाळाचा मालक, पण आरडाओरडा करणारा नव्हता.

"दुसऱ्यांदा झालं, तात्या. डोळं गेलं काय?"

"डोळं चांगलं हायत."

"हात बघू."

अंगठ्यावर भाजल्याचा मोठा फोड होता. कधी आला, जोतीरामला ठाऊक नव्हतं.

"सोमवारपतोर थांबतो," पृथ्वीराज खालच्या आवाजात म्हणाला. "पाक कळाला तर बसा. न्हाय तर पाकाची उष्णता दावणारा काटा आणून ठेवलाय, त्यो लावतो."

चिमणाबाईनं नवऱ्याला गारगोटीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर संयोगितांनी त्याला डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी लावली. तो "हं, हं" करत राहिला. टाचणी उचललेली होती, तेव्हाही तो "हं" म्हणाला.

"पायाला कधीपासून कळत नाही?"

"चप्पल वाटंत सुटती, तवा मागनं कुणीतरी हाक मारतंय," चिमणाबाई म्हणाली. "ह्येंनी कुणाला सांगिटलं न्हाय."

"दोन वर्षांपूर्वी मी इन्सुलिन लिहून दिलं होतं."

सुई लागली की माणूस संपला, असं जोतीरामला वाटलं होतं. बाटली त्यानं फडताळात कोंबली होती.

डॉक्टर समजावत राहिल्या. "इन्सुलिन नुसतं साखर उतरवत नाही, तात्या. ते, आणि त्याच्याच जातीची शरीरातली आणखी काही द्रव्यं, नसांच्या पेशींची राखण करतात. साखर वाढली की त्या पेशी आतून होरपळतात, वर सूज येते. अशा वेळी ही द्रव्यं त्यांना तग धरायला लावतात. राखण कमी पडली, की नसा हळूहळू मरतात."

"मग त्या द्रव्याचंच औषध द्या की."

"त्याच्यावर संशोधन चाललंय. तुम्हाला द्यायला आज माझ्याकडे काही नाही. इन्सुलिन घ्या, जे उरलंय ते सांभाळू. गेलेलं परत येईल, असं नाही सांगत मी."

"सोमवारपतोर?"

डॉक्टरांनी इन्सुलिनची नवी चिठ्ठी लिहायला घेतली.

सोमवारी जोतीराम काहिलीपाशी बसला आणि शेजारी त्यानं चिमणाबाईला बसवलं. गुळव्याच्या जागेजवळ बाई कधी बसली नव्हती. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या गणपतीनं मान खाली घातली. पृथ्वीराज काटा घेऊन उभा होता.

"घाल हात," जोतीराम म्हणाला. "कसं लागतंय?"

"मऊ."

"कसलं मऊ?"

"आता काय सांगू? कानाच्या पाळीगत."

"अजून न्हाय." पुन्हा पळी. "आता?"

"जरा घट. अवो, पर किती घट पायजे? मला सांगा तर खरं."

किती घट्ट? ते जोतीरामला कधीच ठाऊक नव्हतं. ते बोटांना ठाऊक होतं, आणि बोटांनी ते तोंडाला कधी सांगितलं नव्हतं. काहिलीतले बुडबुडे जड होत चालले. चिमणाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मालक," तो म्हणाला, "काटा घाला."

"तात्या, अजून एकदा बघा की."

"घाला. चांगला माल नासंल."

काटा पाकात उतरला. थोड्या वेळानं पृथ्वीराज म्हणाला, "पाक आला." काहील उतरली. त्या दिवशीचा गूळ सोन्यासारखा बसला. कुणी जोतीरामकडे बघितलं नाही.

तो परातीजवळच बसून होता. चिमणाबाईनं त्याचा हात मांडीवर घेतला आणि वाळलेला पाक पदरानं एकेका बोटावरून पुसू लागली. ती कुठल्या बोटावर आली आहे, ते कळावं म्हणून तो हाताकडे बघत राहिला.