पुस्तकगाडीचं इंजिन

ज्ञानोबाचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि मार्तंडरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. उलट, जे पुस्तक वाचायला घेत त्यात ते खूण म्हणून तेच पत्र घालत, आणि पुस्तक उघडताना पहिल्या ओळीवर नजर गेली की घाईनं पान उलटत. पत्र चारच ओळींचं होतं. 'इंजिन गेलं. दोन बघून ठेवलीत. एक पेट्रोलचं, आपलं होतं तसलंच, सोलापुरात आहे. एक डिझेलचं, माझ्या साडूच्या मोडक्या जीपचं. तुम्ही कळवाल ते बसवू.'

"अहो, हे पत्र मी पाचव्या पुस्तकात बघतेय," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. त्या पुस्तकांवरची धूळ झटकत होत्या. "पाच पुस्तकं वाचून झाली, पण दोन ओळी लिहून होईनात."

"विचार चाललाय."

"चौदा महिने? आपलं लग्न चार दिवसांत ठरलं होतं."

"ते मी कुठं ठरवलं होतं?"

"म्हणूनच ठरलं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कप्प्याकडे वळल्या.

धाराशिवच्या एका कॉलेजात मार्तंडरावांनी तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली होती. मूळ घराणं तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. पण चार माणसांसमोर उभं राहिलं की यांना दोन शब्द धड बोलता यायचे नाहीत. पुस्तकांच्या आड मात्र ते सुखात असत. नोकरीत असतानाच त्यांनी सरकारी लिलावात एक जुनी जीप पिकअप घेतली होती. बेंबळीच्या ज्ञानोबानं तिच्या पाठीमागच्या हौद्यात बाभळीच्या लाकडाची कपाटं बसवली. कपाटांची दारं दोन्ही बाजूंनी वर उचलली की त्यांचंच छप्पर व्हायचं आणि मुलं त्या सावलीत उभी राहून पुस्तकं चाळायची. ज्ञानोबा शेतकरी खरा, पण कुठलंही यंत्र त्याच्या हाताला ओळखीचं वाटायचं. दर रविवारी गाडी तो चालवायचा आणि पुस्तकं मार्तंडराव द्यायचे. असं सदतीस वर्षं चाललं.

गाडीचा एक नियम होता, आणि तो मार्तंडरावांनीच घातला होता. गाडीबद्दल जे काही ठरवायचं ते पत्रानं. समोरासमोर कुणी काही विचारलं की ते हो म्हणून टाकत आणि मग आठवडाभर पस्तावत. म्हणून टायर घ्यायचा असो की रंग द्यायचा असो, ज्ञानोबा पोस्टकार्ड टाकायचा आणि मार्तंडराव कार्डानं उत्तर द्यायचे. तोंडी बोललेलं गाडीला लागू नव्हतं.

इंजिनाच्या प्रश्नासाठी त्यांनी शंभर पानी वही घातली होती. डावीकडं पेट्रोल, उजवीकडं डिझेल. वजन, लांबी, ताकद, आवाज, सुटे भाग. ग्रंथालयातल्या दोन जुन्या पुस्तकांतून आकृत्या उतरवून घेतल्या होत्या. वाचता वाचता त्यांना कळून चुकलं होतं की उजवी बाजू जड आहे, आणि तरीही मन पुन्हा पुन्हा डावीकडंच जात होतं. जसं होतं तसलंच इंजिन बसलं, तर काही घडलंच नाही असं होईल, असं त्यांना वाटायचं.

कारण जे घडलं होतं ते त्यांच्याच हातून घडलं होतं.

गेल्याच्या गेल्या चैत्रातली गोष्ट. माकणीकडून परतताना गाडी तापली. ज्ञानोबानं ती लिंबाच्या झाडाखाली लावली, बॉनेट उघडलं आणि विहिरीवरून घागरभर पाणी आणून ठेवलं. "इंजिन निवल्याबिगर पाणी घालायचं न्हाय, सर," असं बजावून तो शेजारच्या वस्तीवर ओळखीच्या माणसाला भेटायला गेला. मार्तंडराव सावलीत वाचत बसले. किती वेळ गेला हे त्यांना कळलं नाही. त्यांना तो पुष्कळ वाटला. एवढं तरी काम आपण करावं म्हणून ते उठले आणि त्यांनी घागर ओतली. आतून चर्र झालं, मग काहीतरी टचकन वाजलं. ज्ञानोबा परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "पाणी घातलंय." गाडी धूर सोडत, ठोके देत कशीबशी बेंबळीपर्यंत आली आणि पुन्हा सुरू झाली नाही. पंधरा दिवसांनी ते पत्र आलं. उत्तर लिहायचं तर हे लिहावं लागणार होतं, आणि हे त्यांच्या हातून लिहून होत नव्हतं.

"आज बेंबळीला जाऊन या," धूळ झटकून झाल्यावर चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "नाहीतर मी जाते आणि मला पटेल ते इंजिन सांगून येते."

त्या खरंच जातील हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पिशवीत वही घातली, वाटेत वाचायला पाच पुस्तकं घातली आणि दहाची एस.टी. धरली.

पुस्तकगाडी ज्ञानोबाच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. पुढचं तोंड उघडं, आत पोकळी. जुनं इंजिन एका कोपऱ्यात पोत्यावर पडलं होतं. डिझेलचं इंजिन दुसऱ्या बाजूला, लाकडी फळ्यांच्या चौकटीवर बोल्टांनी घट्ट आवळून ठेवलेलं. ज्ञानोबा बाजेवर बसला होता. तो उठून उभा राहिला, पण नेहमीसारखा हसला नाही. याला सगळं कळलेलं आहे, असं मार्तंडरावांना वाटलं.

"या, सर. लई दिवसांनी."

"हो. म्हणजे, पत्राचं..."

"असू द्या. आधी पाणी प्या."

ज्ञानोबाची सून आरोही तांब्या घेऊन आली. ती गावातल्या शाळेत शिकवायची, माहेर माकणीचं. गाडी पुन्हा चालवायची कल्पना तिचीच होती. "सर, मी लायसन काढून वर्ष झालं," ती म्हणाली. "गाडी न्हाय, नुसतं लायसन आहे. मामांना म्हटलं तुम्हीच ठरवा, तर म्हणतात सरांचं पत्र येऊ द्या. शाळेतली पोरं विचारतात, बाई, सरांना लिहिता येत न्हाय का?"

"आरोही," ज्ञानोबा दटावत म्हणाला.

मार्तंडरावांनी तांब्या खाली ठेवला. वाटेत त्यांनी बोलायची वाक्यं मनात जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना. "ज्ञानोबा, इंजिन मी मारलं," ते म्हणाले. "तुम्ही नको म्हणाला होता. मी तापलेल्यावर पाणी घातलं. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मी तुम्हाला सांगितलं नाही."

ज्ञानोबा खाली बाजेवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. तो रडतोय की काय म्हणून मार्तंडराव घाबरून पुढं सरकले. तो हसत होता.

"त्यासाठी उत्तर न्हाय दिलं? आन् म्या इथं चौदा म्हैने झोपलो न्हाय. म्हटलं, सरांना वऱ्हाडाचं कळलं."

"कसलं वऱ्हाड?"

ज्ञानोबानं सुनेकडं एकदा बघितलं, मग मान खाली घातली. "बारा वर्षं झाली. मेव्हण्याचं लग्न होतं. टेम्पो ऐनवेळी आला न्हाय. म्या कपाटांतली पुस्तकं बाजूला काढली आन् तुमच्या गाडीत वऱ्हाड नेलं. सतरा माणसं, दोन शिलाई मशिनी. घाटात इंजिन असं तापलं की चिरलं. सोलापूरला नेऊन पितळेनं जोडून आणलं. तुमास्नी सांगाया तोंड न्हवतं."

"पुस्तकाच्या गाडीत शिलाई मशिनी?" आरोही म्हणाली. "मामा, आन् मला साधं दप्तर ठेवू देत न्हाय तुम्ही."

ज्ञानोबानं मार्तंडरावांना हाताला धरून जुन्या इंजिनापाशी नेलं. इंजिनाच्या लोखंडी अंगावरून पितळेच्या जोडाची बोटभर लांब पिवळी रेघ गेली होती आणि रेघेच्या टोकाला चीर होती. त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक चिरेत घालून दाखवलं. आत लालभडक गंज होता.

"ताजं फुटलेलं लोखंड पांढरं दिसतं, सर. कापलेल्या काकडीवानी. इंजिन खाली काढलं तवाच हा गंज आत हुता, कैक वर्षांचा. जोड तवापासनंच पाझरत हुता. म्हणूनच तर गाडी तापत हुती. तुमी पाणी घातलं काय, न घातलं काय."

"पण आवाज झाला होता."

"गरम तव्यावर पाणी टाकलं तरी हुतो."

मार्तंडराव ती लाल चीर बराच वेळ बघत राहिले. त्यांना बसावंसं वाटलं, म्हणून ते गाडीच्या पायरीवर बसले. मग त्यांनी पिशवीतून वही काढली, उघडली, आणि न वाचताच मिटली. चौदा महिन्यांत जो प्रश्न वहीत लिहिला नव्हता तो त्यांनी आता विचारला.

"आरोही, गाडी कुठंवर न्यायचीस?"

"माकणी, आन् लोहाऱ्याच्या बाजूची पाच-सहा गावं. मामा काही दर वेळी सोबत न्हाईत."

"मग रस्त्यात बंद पडली तर?"

"पेट्रोलचं पडलं तर तिथंच बसायचं," ज्ञानोबा म्हणाला. "त्याचं सामान आता मिळतंय कुठं? डिझेलचं पडलं तर ज्या गावात ट्रॅक्टर हाय तिथं दुरुस्त करणारा हाय. पर एक सांगतो, हे थरथरतं लई. तुमची पुस्तकं जागेवर ऱ्हाणार न्हाईत."

"सुरू करा बघू."

ज्ञानोबानं बॅटरीच्या वायरी जोडल्या. इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. मार्तंडरावांनी पिशवीतली पाच पुस्तकं चौकटीच्या फळीवर उभी ठेवली. पुस्तकं थरथरत, एकमेकांपासून सुटत, पाऊल पाऊल कडेला गेली आणि एकेक करून खाली पडली. ज्ञानोबानं 'बघा' अशी मान हलवली. पण मार्तंडराव वाकून पुस्तकं गोळा करत होते. त्यांनी आरोहीला दोन विटा मागितल्या. एक वीट फळीवर ठेवली, तिला लागून पाचही पुस्तकं दाबून उभी केली, आणि दुसरी वीट दुसऱ्या बाजूनं घट्ट ठासली. इंजिन धडधडत राहिलं. पुस्तकं हलली नाहीत.

"कप्पा अर्धा रिकामा असला की पुस्तकं पडतात," ते आवाज चढवून म्हणाले. इंजिनाच्या आवाजामुळं त्यांना आवाज चढवावा लागला, आणि त्याचं त्यांनाच नवल वाटलं. "भरलेला कप्पा पडत नाही. इंजिनाखाली रबर घाला आणि कपाटं दाटून भरा. पुस्तकं कमी पडली तर मी देतो. हेच बसवू."

ज्ञानोबानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"पत्र टाका," तो म्हणाला.

"आत्ता सांगितलं की तुमच्यासमोर."

"तोंडी चालत न्हाय. नियम कुणाचा? शिवाय कागदावर गाडी तुमच्या नावानं हाय. इंजिन बदललं की आर.टी.ओ.त मालकाचं लेखी लागंल."

"मग देतो इथंच लिहून."

"हातात न्हाय घ्यायचं. चौदा म्हैने पोस्टमनची वाट बघितली म्या. आता पोस्टमननंच आणून द्यायचं."

आरोहीनं शाळेच्या पिशवीतून कार्ड काढून दिलं. मार्तंडरावांनी बाजेवर बसून लिहिलं: डिझेलचं इंजिन बसवावं, इंजिनाखाली रबर घालावं, कपाटं दाटून भरावीत, त्यासाठी दोन खोकी पुस्तकं पुढच्या रविवारी घेऊन येतो, वऱ्हाडाबद्दल राग नाही. 'राग नाही' च्या पुढं त्यांना आणखी काही लिहावंसं वाटलं, पण ते खोडावं लागेल असं वाटून त्यांनी सही केली.

पोस्टाची लाल पेटी ज्ञानोबाच्या दारापासून शंभर पावलांवर होती. कार्ड आता धाराशिवला जाणार आणि तिथून पुन्हा इथंच येणार. मार्तंडराव पेटीसमोर उभे राहिले. कार्ड दोनदा वाचलं, पत्ता तिसऱ्यांदा. मागं ज्ञानोबा अंगणात उभा राहून, आपलं काही बघणं नाही असं दाखवत, त्यांच्याकडंच बघत होता. त्यांनी कार्ड पेटीच्या तोंडात घातलं, क्षणभर चिमटीत धरून ठेवलं, आणि सोडलं.