मागच्या सीटवरचा अबोला

अबोला धरायचा तर त्यालाही नियम असतात, आणि ते कात्रीला पाठ होते. आपण आधी तोंड उघडायचं नाही. कामापुरतंही बोलायचं नाही, मीठ हवं तर उठून आपलं आपण घ्यायचं. समोरच्यानं 'काय झालं' विचारलं तर 'काही नाही' एवढं म्हणायला परवानगी, कारण ते बोलण्यात धरत नाहीत. सतरा वर्षांच्या संसारात हे नियम तिनं स्वतः घासूनपुसून तयार केले होते. आत्ताच्या अबोल्याचा आज एकोणिसावा दिवस होता आणि तो तिला मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून काढायचा होता.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कापड कापायची, एका वेळी चाळीस थर, आणि चाळिसाव्या थराची कड पहिल्याशी तंतोतंत जुळायची. म्हणून कात्री. जिभेमुळे म्हणतात असंही काही जणींचं मत होतं, पण ते तिच्यासमोर नव्हे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोटारसायकलवाल्या मित्रांनी त्याला पिस्टन असं नाव दिलं होतं आणि त्या नावाचा त्याला फार अभिमान.

अबोल्याचं कारण साधं होतं. कारखान्याच्या मालकांनी वरच्या मजल्यावर नवा कापणी विभाग काढला. चौदा माणसं, आणि त्यांची प्रमुख म्हणून कात्री. हे विचारायला मालकांनी तिला फोन केला. तो घेतला पिस्टननं. "नाही, तिला जमणार नाही," असं सांगितलंही पिस्टननं. आणि घरात चकार शब्द काढला नाही! तीन आठवड्यांनी वरच्या मजल्यावर नवी प्रमुख आली, जिला कात्री धरायला हिनंच शिकवलं होतं ती. हिनं मालकांना जाऊन विचारलं तर ते म्हणाले, "अहो, तुमच्या घरूनच नको म्हणाले की."

घरी येऊन तिनं एकदाच विचारलं, "का?" पिस्टन म्हणाला, "सांगतो नंतर." ते नंतर काही उगवेना. भांडला असता तरी चाललं असतं. पण हा माणूस टेबल पुसायचा, बूट पुसायचा, नळाची गळती काढायचा, आणि तोंडात मूग धरून बसायचा. तिला ती जागा गेल्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त, आपल्या पाठीमागे आपल्या माणसानं हे का केलं ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. ते कळल्याशिवाय या माणसाबरोबर पुढची सतरा वर्षं कशी काढायची, हे तिला खरंच समजत नव्हतं.

मोटारसायकलवाल्यांच्या मेळाव्याला यायचा सल्ला नणंदेचा. "वहिनी, दादाला समोर बसवून विचारशील तर जन्मात बोलायचा नाही," नणंद फोनवर म्हणाली. "लहानपणी बाबांनी समोर उभं केलं की याची दातखीळ बसायची. गाडीवर असला, नजर रस्त्यावर असली, की मात्र घडाघडा बोलतो. तू नुसती मागे बस." म्हणून कात्री निघाली होती. नाहीतर चार हजार मोटारसायकली एका मैदानात धूर सोडताना बघायची हौस तिला कधीपासून?

सकाळपासून सव्वादोनशे किलोमीटर झाले. पिस्टन बोलला ते असं: "खड्डा आहे." "ट्रक आहे." "पाय आत घे." बस्स. एरवी ती बसली की त्याच्या डाव्या खांद्यावर एक थाप मारायची, मग तो गाडी सोडायचा. अबोल्यात थापही बंद होती. पाठीला काहीतरी टेकलं की तो निघायचा. त्याला त्याचं काही वाटतही नसावं, म्हणून तिची आणखी चिडचिड होत होती.

मेळावा शंभर किलोमीटरवर राहिला तेव्हा पेट्रोल पंप लागला. पंपावर मेळाव्याला निघालेल्यांचीच रांग. पिस्टन गाडीवर बसूनच पायानं ढकलत पुढे सरकत होता. कात्री उतरली. मागच्या कॅरिअरवर मोठी बॅग होती, तिच्यात तंबू, पांघरुणं, पाने-पक्कड आणि सगळ्यात खाली साबण-टॉवेल. कॅरिअरवर ती नीट उघडेना, म्हणून तिनं ती सीटवर ओढली, साबण काढला, पडू नये म्हणून वरून रबरी पट्टा अडकवला आणि मुतारी शोधायला गेली. 'जाऊन येते' एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण नियम म्हणजे नियम.

तिथे पाच बायका पुढे होत्या. परत आली तर गाडी नाही.

हवा भरायला गेला असेल म्हणून ती हवेच्या नळापाशी गेली. तिथे नाही. चहाच्या टपरीवर नाही. पेट्रोल भरणाऱ्या मुलीला विचारलं.

"मोठ्या बॅगवाले? ते गेले की."

"गेले म्हणजे?"

"पैसे दिले, 'चल' म्हणाले आणि गेले."

"चल कोणाला म्हणाले?"

मुलगी गोंधळली. "तुम्हालाच असेल."

कात्रीला आधी हसूच आलं. पाच मिनिटांत येईल गाढव, असं म्हणून ती कठड्यावर बसली, डोक्यात हेल्मेट, हातात ओला टॉवेल. पहिल्या खड्ड्यालाच कळेल त्याला. पाचाची पंधरा झाली, पंधराची पस्तीस. तिचा फोन बॅगेत, पैसे बॅगेत. पंपाच्या कॅशियरनं त्याचा फोन दिला. तिनं पिस्टनला सात वेळा लावला. वाजून वाजून थांबला. हेल्मेटमध्ये ऐकू येणार कसं? आठव्यांदा लागेचना.

मग ती संतापली. सरळ हिशेब होता. हा एक शब्द जरी बोलला असता तरी मागे कोणी नाही हे कळलं असतं. कळलं नाही, म्हणजे एक शब्दही बोललेला नाही. पस्तीस मिनिटं, पन्नास मिनिटं, तासभर! "वा रे माझा घडाघडा बोलणारा," ती मोठ्यानं म्हणाली, तसा कॅशियर दचकला. नणंदेला सांगायला हवं, तुझा दादा गाडीवर बसूनही धोंडाच.

समोरच्या बाजूला घराकडे जाणारी बस थांबत होती. कॅशियर भाड्याचे पैसे द्यायला तयार होता, भला माणूस. ती रस्ता ओलांडायला निघालीसुद्धा. पण घरी जाऊन काय करणार? आणखी एकोणीस दिवस अबोला? छे. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच.

तेवढ्यात मेळाव्याचा ट्रक आला. वाटेत बंद पडलेल्या मोटारसायकली उचलत तो सगळ्यांच्या शेवटी येत होता. चालक खाली उतरला, हातात वही.

"तुमची गाडी कुठाय, बाई?"

"गाडी गेली. मी राहिले."

"आम्ही फक्त बिघडलेल्या गाड्या नेतो हो. माणसं नाही नेत."

"मग लिहा की वहीत. एक नग."

चालकानं खरंच पेन काढलं. "बिघाड काय लिहू?"

"नवरा."

तो इतका हसला की त्यानं तिला पुढे स्वतःशेजारी बसवलं. मागे सहा बंद पडलेल्या मोटारसायकली खडखडत होत्या. वाटेत एक लांबलचक पूल लागला, खाली संथ, रुंद नदी. चालक म्हणाला, "बघा बघा, काय सुंदर आहे." कात्रीनं बघितलं नाही. ती मनात वाक्यं जुळवत होती आणि एकेका वाक्याला धार लावत होती.

मेळाव्याच्या दारात तिला कळलं की मागे बसणाऱ्यांना तिथेच उतरवतात. गाड्या डावीकडच्या दारानं आत जातात, मागचे लोक उजवीकडच्या दारानं चालत, तपासणीच्या रांगेतून. रांग कसली, मारुतीचं शेपूट! दीड तास तरी लागेल, रखवालदार म्हणाला. ट्रकबरोबर आली म्हणून तिला तसंच आत सोडलं. मैदानात चार हजार गाड्या, तेवढाच धूर, चारी बाजूंना कर्णे आणि सगळीकडे काळ्या जाकिटातले पोट सुटलेले पुरुष. नवऱ्यासारखे दिसणारे तिला अकरा जण भेटले. बारावा पिस्टन निघाला. तो गाडीपाशी उकिडवा बसून साखळी पुसत होता, आणि चक्क शीळ घालत होता!

तिनं जुळवलेलं पहिलं वाक्य ओठांवर होतं. पण त्यानंच वर बघितलं आणि म्हणाला, "आलीस? किती वेळ गं त्या रांगेत! मी म्हटलं, येईल तिच्या मनानं. चहा आणू?"

कात्रीच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. या माणसाला अजून पत्ताच नव्हता. दारात सगळ्या बायका उतरल्या, त्यात आपलीही उतरली, असं धरून चालला होता हा! आणि सतरा वर्षांत समोरासमोर सलग इतकं बोलला नव्हता. चेहरा तर असा की एखादी दुखणारी दाढ उपटून आला असावा.

"बरं वाटतंय बघ," तो म्हणाला. "उगाच सव्वा महिना छातीवर धोंडा घेऊन बसलो. एकदा बोलून टाकलं, सुटलो."

अबोला एकोणिसाव्या दिवशी मोडला, आणि मोडला तो तिनं. "काय बोलून टाकलं?"

"अगं, तेच. पुलावर."

"काय?"

"आता परत काय," तो लाजून चिंधीकडे बघायला लागला. "बोललो ना सगळं. फोनचं. माझी चूक झाली म्हटलं. तीनदा म्हटलं. तू काही बोलली नाहीस, पण तुझा अबोला चाललाय, ते मला माहीत होतं. आणि मग तू..." त्यानं चिंधीची घडी घातली. "मग तू पाठीवर डोकं टेकलंस. पूल संपून उतार लागला तिथे. पार मैदानापर्यंत उचललं नाहीस. मला रडू आलं, खरं सांगतो. रस्ता दिसेना."

कात्रीनं गाडीकडे बघितलं. बॅग रबरी पट्ट्यातून सुटून पुढे कलली होती आणि पेट्रोलच्या टाकीकडे तोंड करून सीटवर पसरली होती.

तिला हसावं की रडावं कळेना. रागानं तिचे कान तापले. एकोणीस दिवस ज्या एका वाक्यासाठी ती कुढली, उठून उठून मीठ घेतलं, सव्वादोनशे किलोमीटर कंबर मोडून घेतली, ते वाक्य या माणसानं तीनदा म्हटलं. मनापासून म्हटलं. रडून म्हटलं. आणि ती तेव्हा टॉवेल घेऊन कठड्यावर बसली होती, नाहीतर सहा बिघडलेल्या गाड्यांबरोबर ट्रकमध्ये.

"मी पेट्रोल पंपावर राहिले," ती म्हणाली.

"हं?"

"तुम्ही मला पंपावर सोडून आलात. मी मागून ट्रकनं आले. पुलावर तुमच्या मागे मी नव्हते, बॅग होती."

पिस्टन हसला. मग तिच्या हातातल्या टॉवेलकडे त्यानं बघितलं, बॅगेकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. चिंधी त्याच्या हातातून खाली पडली. "अरे देवा," एवढंच तो म्हणाला. मग, अगदी बारीक आवाजात, "पण मी बोललो गं. शपथ. सगळं बोललो."

"बॅगेशी."

"मला काय माहीत..."

"तर बॅगेनं माफ केलंय तुम्हाला. मी नाही. मला पहिल्यापासून सांगा."

"इथं? एवढ्या लोकांत?"

"इथं. आणि साखळीकडे नाही, माझ्याकडे बघून."

तो उभा राहिला. हात पुसायला चिंधी शोधायला लागला, मिळाली तरी शोधतच राहिला. शेजारी कोणीतरी गाडी जोरात गुरगुरवली, ती थांबेपर्यंत त्याला तेवढीच सुटका मिळाली. तिला वाटलं, जाऊ दे, सोडून द्यावं बिचाऱ्याला. पण तिनं सोडलं नाही.

"तुझा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता," तो म्हणाला. "मालक म्हणाले, चौदा माणसं असतील हाताखाली. आनंदानं म्हणाले. मी वीस वर्षं एकटा लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोय. माझ्या हाताखाली कोणी नाही. ते एकदम असं... टोचलं."

"म्हणून नाही म्हणालात?"

"ते नंतर. आधी त्यांनी विचारलं, बाई आहेत का घरात, त्यांच्याशीच बोलतो." त्यानं मान खाली घातली, मग आठवण झाल्यासारखी वर केली आणि तिच्याकडे बघितलं. "तू आत चादरींच्या घड्या घालत होतीस. दारातून दिसत होतीस मला. मी म्हटलं, ती घरात नाहीये."