गोफण आणि टोपली

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. अंगणातला नाही, पाटावरचाही नाही. कॉम्प्युटरचा. माझं घर म्हणजे एक कॅसेट. गाण्याची समजून कोणी ती टेपरेकॉर्डरवर लावली, तर नुसती कर्कश किर्र ऐकू येते आणि "पट्टी खराब झाली" म्हणत लोक मला बाहेर काढतात. पण तीच किर्र टीव्हीला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरला ऐकवली, की तो ती निमूट ऐकून घेतो आणि पडद्यावर मी उघडतो. वीज गेली की मी संपलो. मग सारी किर्र पुन्हा पहिल्यापासून.

मला वामनरावांनी बनवलं. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेतली नोकरी आटोपून संध्याकाळी पुस्तकात बघत बघत ते माझी एकेक ओळ लिहीत. इतर खेळांत विमानं गोळ्या झाडतात. माझ्यात संत्र्याची बाग आहे. झाडं उजवीकडून डावीकडे सरकतात, समोरून पोपटांचे थवे येतात आणि एक माणूस गोफणीनं खडे मारतो. खाली एक मुलगी गळणारी संत्री टोपलीत झेलते. गोफण वामनरावांची, टोपली त्यांच्या लेकीची, मोनालीची. पहिल्याच दिवशी ती रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, पोपट मरून राहिले ना." तेव्हापासून माझ्यातले पोपट मरत नाहीत. खडा लागला की नुसते उडून जातात.

माझा नियम एकच. दोघांनी बागेबरोबर चालत राहायचं; जो पुढं, त्याच्या चालीनं बाग सरकते. जो थांबला तो डाव्या कडेनं पडद्याबाहेर जातो आणि खेळ तिथंच बंद होतो. एकट्यानं दोघांना चालवायला गेलं, तर एक हमखास मागे पडतो. तेव्हा या नियमाचं फार कौतुक झालं. पुढं मोनाली शिकायला नागपूरला गेली, मग नोकरीला पुण्याला, आणि तोच नियम माझ्या मुळावर आला. मी कपाटात गेलो. तिथं बाग नाही, पोपट नाहीत. कॅसेटमधला खेळ कुणी लावेपर्यंत नुसती मुकी पट्टी असतो. फार एकटं वाटतं, मित्रांनो.

आता माझी पट्टी झिजली आहे. मागच्या वेळी किर्र मध्येच अडखळली, तेव्हा वामनराव पुटपुटले, "आता एखाद्याच खेपेले लागंल हे. मोनाली आली का लावू."

गेल्या रविवारी तिचा फोन आला. "बाबा, मी येऊन राहिली." वामनरावांनी पुढचं ऐकलंच नाही. फोन बायकोच्या, प्रमिलाबाईंच्या हाती देऊन ते थेट कपाटाशी आले. आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे आत्ता पोचतेच आहे असंही होतं, आणि पुढं कधीतरी येणार असंही. त्यांनी आपल्या मनासारखा अर्थ घेतला. मी अडखळत का होईना, पण लागलो. बाग उघडली.

प्रमिलाबाई फोन ठेवून आत आल्या. "दिवाळीच्या सुट्टीत येऊन राहिली म्हणते थे. आज नाही."

मला बंद केलं, तर पुन्हा लागेन याचा भरवसा नव्हता. पडद्यावर गोफणवाला आणि टोपलीवाली सुरू होण्याची वाट पाहत उभे होते. वामनराव त्या दोघांकडे नुसते बघत राहिले. मला वामनरावांकडे पाहवेना.

प्रमिलाबाईंनी पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढली. "टोपली कोणत्या बटनानं चालते?"

"तुले खेळाचं होतं?"

"मले कोणी कधी बस म्हटलं?"

वामनरावांनी बटण दाखवलं. बाग सरकू लागली. पहिली सगळी संत्री मातीत गेली. "अवो, हळू चाला, मी मागं राहून राहिली," त्या म्हणाल्या. मग वामनराव हसले आणि थोडे हळू चालू लागले. वीज जाईपर्यंत दोघं खेळले.

त्यानंतर मला दोनदा लावून पाहिलं. मी लागलो नाही. दिवाळीत मोनालीला रिकामा पडदाच दिसेल.

मित्रांनो, कॅसेटी जपून ठेवा, असं मला सांगायचं होतं. पण पट्टी आज ना उद्या झिजतेच. इतकी वर्षं या घरात टोपली धरायला कुणी नाही म्हणून मी कपाटात पडून होतो, आणि बापलेकीचा खेळ चुलीशी बसून ऐकत आलेल्या प्रमिलाबाई पलीकडेच होत्या. तुमच्याही घरात कुणाला 'तू पण बस' म्हणायचं राहिलं असेल. आजच म्हणा.