विहारावरचा कर्णा, हॉलमध्ये

तीन रात्री यशोधराला झोप नाही. तिची अडीच वर्षांची आमू अजून एक शब्द बोलत नाही, हाकेला वळत नाही. सोमवारी कानांची तपासणी आहे. "की मीच गूगल वाचून वाचून घाबरतेय? आणि हे कर्ण्याला सांगतेय, म्हणजे मी तरी शहाणी कुठे?" मला पुसताना ती पुटपुटते.

तो कर्णा मी.

उल्हासनगरच्या एका शेडमध्ये पत्रा ठोकून मला घडवलं. मग तीस वर्षं विठ्ठलवाडीच्या बुद्धविहारावर होतो. सकाळी वंदना, चौदा एप्रिलला गाणी, मधेच "लाल फ्रॉकमधली मुलगी सापडली आहे, घेऊन जा." अंगावर कावळे घाण करायचे, पण किळस कधी वाटली नाही.

नवे स्पीकर आले, मी भंगारात गेलो. तिथे यशोधराच्या नवऱ्याने, राजेंद्रने, मला उचललं.

"साईं, इसका क्या करोगे?" सिंधी भंगारवाल्याने विचारलं.

"म्युझिक सुनेंगे."

भंगारवाला हसला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

आता मी अंबरनाथ पश्चिमेला, त्यांच्या हॉलमध्ये, सागवानी स्टँडवर. दर रविवारी राजेंद्रचे कंपनीतले दोस्त येतात, अभिजीत आणि आकाश. एकाच गाण्याचे तेच चाळीस सेकंद पुन्हा पुन्हा लावतात.

"तबलजीची अंगठी वाजली, ऐकलीस?"

"विंटेज कर्ण्याची बातच वेगळी, भावा!"

गाणं कशाबद्दल आहे ते मात्र विचारू नका. चिवड्याच्या तेलकट बोटांनी माझी कड कुरवाळतात. शी! आणि आमूने जरा खुळखुळा आपटला, की तिघंही ओठांवर बोट ठेवून खेकसतात, "गप्प!"

अख्ख्या वस्तीला हाक मारणारा मी. आता एका पोरीला गप्प करण्यासाठी उरलो. मला माझीच किळस येते.

आजही रविवार. अभिजीतने माझ्या मागचं आवाजाचं यंत्र काढलं, दुसरं जुनं बसवायला. मी नुसता पोकळ. जर्मन बरं की जपानी, यावर तिघांची सोफ्यावर जुंपली. आमू माझ्या तोंडात डोकं घालून बसली होती.

यशोधरा मागून वाकली. इकडे-तिकडे बघून, स्वतःलाच लाजत, तिने माझ्या उघड्या गळ्याशी ओठ आणले.

"आमू..."

इतकी हळू हाक माझ्यातून कधी गेली नव्हती. पोरगी ताठ झाली.

"आमू, बाळा, मी आई."

"अरे, जपानीला तो गोडवाच नाही!" अभिजीत ओरडला.

आमूने डोकं बाहेर काढलं. तिघांकडे वळली. ओठांवर बोट ठेवलं, हुबेहूब त्यांच्यासारखं.

"गप्प!" ती म्हणाली. "आई."