मिटायची राहिलेली टीप

ताईने टेबलावरून वाहणाऱ्या पाण्यावर फडकं दाबलं आणि पंपाची वायर खसकन उपटली.

"काल टाकी भरली की निमूट थांबत होता. आज काय धाड भरली याला?"

विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक दोनच टेबलं पलीकडे होते. संघातल्या वायरवाल्याने सगळ्या वायरी चाचपल्या, चष्मेवाल्याने सेन्सर पुसून पुन्हा बसवला. वायर लावली की पंप आपला सुरूच.

"प्रोग्राम बघू मी?" बडबडीने विचारलं.

"कालचाच तर आहे. सकाळी फक्त तुझ्या टिपा घातल्यात, आणि त्या यंत्र वाचतसुद्धा नाही. जरा गप बस ना, बये!"

म्हणूनच तर ते काम बडबडीला मिळालं होतं. आठवीतली, ताईचं शेपूट म्हणून संघात आलेली. कोडला हात लावायचा नाही, कुठली ओळ काय करते एवढंच शेजारी लिहायचं. तिरकी रेघ नि चांदणी टाकून टीप उघडायची, चांदणी नि तिरकी रेघ टाकून मिटायची. मधलं सगळं यंत्र ओलांडून जातं.

तरी तिने लॅपटॉप ओढलाच. पडद्यावर टिपा करड्या दिसत, कोड रंगीत. 'टाकी भरली की पंप बंद' ही तिची टीप करडी होती. तिच्याखालच्या, पंप बंद करणाऱ्या ताईच्या दोन ओळीही करड्या! पार पुढची टीप संपेपर्यंत.

टीप उघडली होती, मिटलीच नव्हती. यंत्राने ताईच्या ओळीही टीप समजून सोडून दिल्या होत्या, आणि चकार शब्द काढला नव्हता.

बडबडीची कानशिलं तापली. तिने दोन खुणा टाकल्या, प्रोग्राम पुन्हा चढवला, टाकीतलं थोडं पाणी उपसून वायर लावली. पाणी काठाशी आलं. पंप थांबला.

"अगं, काय केलंस?"

काही नाही म्हटलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"चूक माझीच होती, ताई. टीप मिटायची राहिली. पण सापडलीसुद्धा मलाच!"

शेवटचं वाक्य इतकं मोठ्याने निघालं की परीक्षकांनीही वळून पाहिलं. ताईने आधी डोळे वटारले, मग तिला हसूच फुटलं.

परीक्षक समोर येऊन उभे राहिले. ताईने भाषणाचा कागद घडी करून खिशात कोंबला आणि बडबडीला खांद्याला धरून पुढे केलं.

बडबडीने ओले हात स्कर्टला पुसले.

"नमस्कार. आमच्या पंपाने आज आम्हाला पार रडवलं," ती म्हणाली. "आधी तेच सांगते."