न लागलेले दिवे

नजर तपासायच्या यंत्राच्या पांढऱ्या घुमटात दिवा लागला नव्हता, तरी बटणाचा टक् असा आवाज आला. दिवा दिसला की बटण दाबायचे; पण मध्येमध्ये दिवा न लावता नुसतेच थांबायचे, ही त्या यंत्राची रीत. कोण पाहून दाबतो आणि कोण उगाच, ते त्यातून कळते. अशा चौदा वेळांपैकी अकरा वेळा बाबांनी बटण दाबले. कागदावर निकाल उमटला: तपासणी भरवशाची नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षे हे यंत्र चालवणाऱ्या त्यांच्या मुलीने कागद टेबलावर ठेवला. मग त्यांच्या एका डोळ्यावरची पट्टी कपाळावर सरकवून, दोन्ही डोळ्यांनी समोर बघायला सांगून तिने उजवीकडून हात पुढे आणला. नाकाजवळ येईपर्यंत बाबांना तो दिसला नाही.

बाबा एकतीस वर्षे शाळेची बस चालवत होते. काचबिंदूचे थेंब त्यांनी चार महिन्यांपूर्वी बंद केले, कारण आत्याच्या प्रार्थनासभेत प्रार्थना घेणाऱ्या एका भाऊंनी डोळ्यांवर हात ठेवून ते बरे झाल्याचे माइकवरून जाहीर केले होते. या भाऊंचा चष्मा गेल्याच महिन्यात याच दवाखान्यातून बनून गेला. नंबर पाऊणने वाढला होता. मागच्या आठवड्यात बसचा उजवा आरसा फाटकाला घासला, तेव्हा बाबांनी सगळा दोष फाटकावर ढकलला. शाळेला कळवायचे, हे मुलगी तेव्हापासून आज-उद्यावर टाकत आली होती.

सोबत येऊन बाकावर बसलेली आत्या समजुतीच्या सुरात म्हणाली, "आधी विश्वास ठेवायचा, मग दिसतं. तुझ्या यंत्राला ते काय कळणार?"

ही गोड, मठ्ठ खात्री मुलीच्या डोक्यात जायची. येशूने आंधळ्याला बरे केल्याची गोष्ट तिला लहानपणी आत्यानेच सांगितली होती. चौदाव्या वर्षापासून तिचा त्यावर विश्वास नव्हता, पण त्या आंधळ्याबद्दल आदर मात्र टिकला होता. पहिल्यांदा हात ठेवल्यावर त्याला अंधुकच दिसत होते, तेव्हा माणसे झाडांसारखी चालताना दिसतात, असे तो बिचारा खरे तेच बोलला होता, आणि म्हणूनच त्याच्यावर दुसऱ्यांदा हात ठेवला गेला.

"येशूनं निदान विचारलं तरी होतं, काय दिसतंय म्हणून," ती म्हणाली. "तुझ्या भाऊंनी विचारलं? का नुसत्या टाळ्या घेतल्या?"

आत्याने तोंड फिरवले. भाऊंसारख्या माणसाबद्दल असे बोलणे पाप आहे, असे काहीतरी ती पुटपुटली. सगळ्या सभेची अक्कल एका माइकला बांधलेली, असे मुलीच्या ओठांवर आले होते, पण तेवढ्यात बाबा बोलले.

"आत्याला नको बोलूस. विश्वास-बिश्वास काही नाही गं. मला दिवेच दिसत नव्हते. नाही दाबलं तर दिसत नाही असं तू लिहिशील, म्हणून अंदाजानं दाबत गेलो." ते कपाळावरची पट्टी काढून तिची घडी घालत राहिले. "बस गेली तर मी सकाळी उठून करू काय?"

मुलीने इतका वेळ ओठांशी तयार ठेवलेले सगळे टोमणे एकदम निकामी झाले. तिने बाबांच्या हातातली पट्टी घेतली, त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि त्यांच्यासमोरच शाळेला फोन लावला.

"बाई, मी तुमच्या बसच्या ड्रायव्हरची मुलगी बोलतेय," ती म्हणाली. "बाबांना उद्यापासून गाडी देऊ नका. त्यांना उजवीकडचं दिसत नाही."